पदरावरचं घोडदळ

बाईंना घोडा आवडत नसे. राजुऱ्यात लग्नाची वरात निघाली आणि नवरदेवाचा घोडा समोरून आला, की त्या रस्त्याची बाजू बदलत. "चावते ते जनावर," म्हणत. "त्याचा काई भरोसा नाई." आणि हे बोलताना त्यांच्या खांद्यावर, पदराच्या निऱ्या पिन लावून धरतात त्या जागी, इंग्रजांच्या कुठल्यातरी घोडदळाचा पितळी बिल्ला चमकत असे.

मी ब्रह्मपुरीहून राजुऱ्याच्या मुलींच्या शाळेत मराठी शिकवायला आले, त्या पहिल्याच दिवशी शिक्षक-खोलीत मला त्यांच्या शेजारची खुर्ची मिळाली. ती रिकामी का होती ते मला लगेच कळलं. त्या दिवशी त्यांच्या खांद्यावर एक कवटी होती. खाली दोन हाडांची फुली आणि इंग्रजी अक्षरांची छोटी पट्टी. मी बघतच राहिले.

"काऊन वं, घाबरली का?"

"नाही. पण हे काय आहे, बाई?"

"कवटी हाये."

"ते दिसतंय. पण कुणाची?"

"इंग्रजाईच्या घोडेस्वाराईची. टोपीवर लावत होते ते. तुले कवटी नसन आवडत तर उद्या हत्तीवाला लावतो."

दुसऱ्या दिवशी खरोखरच हत्ती होता.

त्या आमच्या खेळाच्या बाई. उंच, काळ्यासावळ्या, चाल अशी की मैदान आपल्या बापाचंच आहे. तसं त्यांच्या बापाचं फक्त एक दुकान होतं, बसस्टँडच्या मागं, कल्हईचं. भांडी कल्हईला येत, फुटकं पितळ मोडीत येत असे. अशाच एका मोडीच्या गाठोड्यातून लहानपणी त्यांच्या हाती पहिला बिल्ला लागला, दोन भाल्यांची फुली असलेला. अब्बांनी तो वितळवायच्या ढिगात टाकला होता. बाईंनी तो उचलला आणि परत दिला नाही. अब्बा ओरडले, अम्मीने कान धरला, तरी दिला नाही. एवढीच त्या छंदाची सुरुवात. त्यात आणखी काही आहे का, असं मी पुष्कळदा खोदून विचारलं. नव्हतं.

पुढं नोकरी लागली आणि बाई बिल्ल्यांच्या मागं स्वतः फिरायला लागल्या. चंद्रपूरच्या बाजारातले मोडवाले त्यांना ओळखत. कामठीला जुनी छावणी, म्हणून तिथं त्यांच्या चकरा. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही बाकीच्या बायका बल्लारशाहून गाडी धरून बालाजीला जायचो. बाईही त्याच गाडीत असत, पण मधेच सिकंदराबादला उतरून जात. परतीला भेटल्या की रुमालाची गाठ सोडून दाखवत. "पाह्य, ही वीणा हाये. वरती मुकुट हाये. कशी बारीक तार काढली मेल्यानं!" पलटणींची नावं, त्यांच्या लढाया, सनावळ्या यांच्याशी बाईंचं काही देणंघेणं नव्हतं. त्यांच्याकडे कवटीवाला होता, वीणावाला होता, गरुडवाला, हत्तीवाला, तीन पिसांवाला. शेजारच्या माणसांना हाक मारावी तशी त्या ही नावं घेत.

फक्त घोडदळ. विज्ञानाचे एक सर मामाच्या घरून जुना बिल्ला मोठ्या कौतुकानं घेऊन आले. बाईंनी तो उलटसुलट केला आणि परत केला.

"हे पायदळ हाये, सर."

"अहो, बिल्लाच आहे ना?"

"माह्याकडे चालनारे नाई चालत."

सर बरेच दिवस रागावलेले होते.

जुने बिल्ले घासू नयेत म्हणतात. पितळेवर चढलेला काळपट रंग हीच त्यांची खरी शोभा, असं जाणकार सांगतात. बाई दर रविवारी चिंच आणि राख घेऊन बसत आणि सगळं घोडदळ लखलखीत करून टाकत. शिवाय प्रत्येक बिल्ल्याच्या मागं दुकानात बसणाऱ्या भावाकडून कथलाचा डाक लावून पिन जोडून घेतलेली. एकदा नागपूरचे एक संग्राहक ऐकून-शोधून राजुऱ्याला आले. सभ्य गृहस्थ, हातात भिंग. बाईंनी लाकडी पाट पुढं ठेवला. त्यावर लाल कापड आणि कापडावर ओळीनं बिल्ले. गृहस्थांनी एक उचलला, पाठीमागं पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"बाई, काय केलंत हे! पिन जोडली? घासलेत? अहो, याची सगळी किंमत गेली."

"मंग लावू कशी?"

"लावायचे नसतात हे. जपायचे असतात."

"पेटीत ठिवून? त्याईनं डोक्यावर लावले, मी खांद्यावर लावतो. तुमी चहा घ्या."

गृहस्थांनी चहा घेतला. जाताना त्यांनी मला बाहेर बोलावून हलक्या आवाजात विचारलं, बाईंच्या घराण्यात कुणी घोडदळात होतं का? मी नाही म्हटलं. त्यांचा विश्वास बसला नाही.

कुणाचाच बसत नसे. एका कल्हईवाल्याच्या अविवाहित मुलीनं, मुलींना कबड्डी शिकवणाऱ्या बाईनं, इंग्रज घोडेस्वारांचे बिल्ले जमवावेत, याला काहीतरी कारण हवंच असं गावाला वाटे. म्हणून गावानं कारणं तयार केली. कुणी म्हणे, यांचे आजोबा घोडदळात स्वार होते. कुणी म्हणे, फौजेतल्या एका माणसाशी लग्न ठरलं होतं आणि तो परत आला नाही. ही दुसरी गोष्ट मी धीर करून बाईंच्या कानावर घातली. त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

"तसा कोनी असता तर त्यालेच ठिवला असता मी. बिल्ले काऊन ठिवले असते?"

"मग का जमवता, बाई?"

"आवडते."

"पण का आवडतं?"

"तुले वांगं आवडते ना? मी इचारलं का काऊन?"

यापलीकडे त्या कधी गेल्या नाहीत. कारण द्यायचं नाही, हा त्यांचा स्वभाव होता आणि तो फक्त बिल्ल्यांपुरता नव्हता. कबड्डीच्या मुलींनी हाफपँट घातल्या तेव्हा काही पालक शाळेत आले. त्यात बाईंच्या मोहल्ल्यातले होते, आमच्यातलेही होते. या एका बाबतीत सगळ्यांचं एकमत झालेलं. मुख्याध्यापक सरांना घाम फुटला. बाई दारातच उभ्या राहिल्या. "साडी नेसून कबड्डी तुमी खेळून दाखवा, मंग पोरींले सांगतो," म्हणाल्या. "नाई जमत? मंग मॅचले येऊ नका. पोरी येतील." पालक आले नाहीत, पोरी आल्या, आणि आमचा संघ त्या वर्षी चंद्रपूरला जाऊन जिंकून आला. त्यानंतर पालकही येऊ लागले. बाईंनी त्यांना टोमणा मारला नाही. बसायला सतरंजी दिली.

एका प्रदर्शनापर्यंत त्यांचं असं सगळं निभावून गेलं.

स्वातंत्र्यदिनाला शाळेत छंदांचं प्रदर्शन भरवायचं ठरलं. कल्पना मुख्याध्यापक सरांची. कुणी तिकिटं मांडली, कुणी भरतकाम, कुणी तेरड्यापासून सागापर्यंतच्या बिया. बाईंनी लाल कापडाचा पाट आणला. मुली त्या टेबलाभोवतीच गोळा झाल्या. त्या गर्दीचा फोटो कुणीतरी काढला, तो मोबाइलवरून गावभर फिरला, आणि दुपारपर्यंत शाळेच्या फाटकाशी पंधरा-वीस तरुण उभे राहिले. स्वातंत्र्यदिनाला शाळेत इंग्रजांची निशाणी! गुलामीचं प्रदर्शन! त्यांच्या आवाजात आणखीही काही होतं. बाईंचं आडनाव ते दरवेळी जरा जास्तच ठासून घेत होते. ते आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होतं, बाईंनाही.

बाई पाटामागून हलल्या नाहीत. एकानं टेबलाकडे हात केला तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "हात नको लावू, बापू. आत्ताच घासले." कबड्डीच्या मुली न सांगता टेबलापुढं साखळी धरून उभ्या राहिल्या. मुलं थांबली. एवढ्या मुलींच्या अंगावर जायचं त्यांना सुचलं नाही. पण जाताना ती संस्थेच्या सचिवांकडे गेली.

सचिव म्हणजे आमच्या संस्थेचे धनी. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. त्यांनी मुख्याध्यापक सरांना बोलावून बजावलं. गावाचं वातावरण बिघडतं आहे, बाईंनी चार लोकांसमोर माफी मागावी आणि ते सामान शाळेत पुन्हा दिसू नये. बाईंची पर्यवेक्षक व्हायची पाळी होती, तीही यात अडकली.

सर भला माणूस. भांडण दिसलं की ते मिटवायला धावायचे. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि एक तोड काढली. ती सांगायला ते मला बरोबर घेऊन बाईंच्या घरी गेले.

"बाई, माफी राहू द्या. तुमचे आजोबा घोडदळात होते म्हणतात ना लोक?"

"लोक म्हनतात."

"मग तेच धरायचं. आजोबांची आठवण म्हणून तुम्ही बिल्ले जमवले. मी भाऊसाहेबांशी बोललो आहे. त्यांनाही पटलंय. येत्या शनिवारी छोटा कार्यक्रम करू. तीच मुलं तुमचा सत्कार करतील. शाल, श्रीफळ. सैनिकाची नात म्हणजे विषयच संपला."

मला ती युक्ती आवडली होती. मी म्हटलं, "बाई, यात कुणाचंच काही जात नाही."

बाईंनी चहाचे रिकामे कप उचलले. मग त्यांनी विचारलं, "शनिवारी किती वाजता?"

सर इतके खूश झाले की दुसरा चहा मागून प्यायले.

शनिवारी सभागृह भरलं. भाऊसाहेब व्यासपीठावर, बाजूला तीच मुलं, आता इस्त्रीच्या कपड्यांत. सरांनी प्रास्ताविकात बाईंच्या आजोबांना असं घोड्यावर बसवलं की मलाही ते दिसायला लागले. रुबाबदार फेटा, हातात भाला. टाळ्या पडल्या. भाऊसाहेब शाल घेऊन उठले. तेवढ्यात बाई ध्वनिक्षेपकापाशी गेल्या. खांद्यावर कवटीवाला होता.

"भाऊसाहेब, शाल थांबवा जराशी," त्या म्हणाल्या. "माह्ये आजोबा घोडदळात नव्हते. कल्हई करत होते. गावोगाव पायी फिरत, डोक्यावर भाता घेऊन. घोड्याले भेत होते ते, माह्यासारखेच. माह्या घरातला कोनी कोन्या फौजेत नव्हता. सर भले हायेत, त्याईनं माह्यासाठी गोष्ट बनवली. पन जो मानूस आयुष्यभर धुरात बसून लोकाईचे भांडे चमकवत होता, त्याले मी काऊन घोड्यावर बसवू? त्याची मले लाज नाई वाटत."

सभागृहात कुजबुज सुरू झाली. मागून त्या मुलांपैकी एक उठला. "मंग काऊन जमवता हे इंग्रजाईचे बिल्ले?"

"मले आवडते."

"हे काई उत्तर नाई!"

"हेच हाये. तुले नसन पुरत तर माह्यापाशी दुसरं नाई." मग त्या जरा थांबल्या. "हे लावनारे गेले, बापू. आपन हाकलले त्याईले. जाताना सामान राहून गेलं. त्यातलं मोडीत आलं, मोडीतून माह्या बापाच्या दुकानात आलं. आता हे माहं हाये. त्याईच्या राजाचा मुकुट मी दर रविवारी चिंच लावून घासतो आनि माह्या पदराची पिन म्हनून वापरतो. यात गुलामी कुठी दिसते तुले?"

कुणीतरी टाळी वाजवली, बहुतेक मुलींपैकी. मग पुष्कळ मुलींनी. पण मोठी माणसं भाऊसाहेबांकडे बघत होती आणि भाऊसाहेब शालीची घडी घालत होते.

महिनाभरात बाईंची बदली झाली. संस्थेची एक छोटी शाळा मुलचेऱ्याला होती, तिथं. राजुऱ्याहून गोंडपिपरी, आष्टी करत जायचं, शेवटचा रस्ता जंगलातून. शिक्षा म्हणून पाठवायची ती जागा होती. सर मला म्हणाले, "मी सगळं जमवून आणलं होतं हो." त्यांचे डोळे भरून आले होते. बाईंनी मात्र त्यांना निरोपाला दुकानातला पितळी तांब्या दिला, स्वतः घासलेला. पाट पोत्यात गुंडाळून त्यांनी स्कूटरच्या पुढ्यात उभा ठेवला आणि गेल्या.

मी दर दोन-तीन महिन्यांनी त्यांच्याकडे जायला लागले. मुलचेऱ्याच्या आसपास बंगाली वस्त्या आहेत. फाळणीनंतर सीमेपलीकडून उखडलेल्या लोकांना सरकारनं इथं जंगल तोडून वसवलं. बाईंना तिथल्या पोरी फुटबॉल खेळणाऱ्या मिळाल्या. कबड्डीवाल्या बाईंनी म्हातारपणाच्या तोंडावर फुटबॉल शिकून घेतला. "पायानं खेळतात ह्या पोरी," मला म्हणाल्या. "पहिले वाटलं, पायदळ आलं नशिबात."

मुलींना आणायला त्या घरोघर जात. एक मुलगी उत्तम गोलकीपर होती, तिच्या घरीही गेल्या. अंगणात तिची पणजी बसली होती, फार म्हातारी, सुरकुत्यांची जाळी झालेली. तिनं बाईंच्या खांद्यावरचा बिल्ला बघितला, जवळ बोलावलं, बोटानं मुकुट चाचपला. किसका है, म्हणून विचारलं. गोऱ्या साहेबांचा, बाईंनी सांगितलं. म्हातारीनं बोट लुगड्याला पुसलं. "घर उधर रह गया," ती म्हणाली. "पुकुर रह गया। मेरा एक बच्चा भी उधर रह गया।" आणि उठून आत गेली. तिनं बाईंना काढ म्हटलं नाही, जा म्हटलं नाही.

बाईंनी मला हे सांगितलं तेव्हा आम्ही त्यांच्या ओट्यावर बसलो होतो. पुकुर म्हणजे तळं, हे त्यांनी नंतर पोरींना विचारून घेतलं होतं. त्यानंतर त्या घराच्या कुंपणापाशी आल्या की त्या बिल्ला काढून पर्समध्ये ठेवत, साधी सेफ्टी पिन लावत, आणि मगच अंगणात पाऊल टाकत. बाहेर पडलं की पुन्हा बिल्ला.

मला राहवलं नाही. "म्हणजे तुम्ही काढलात, बाई. ज्यासाठी एवढं सगळं झालं, तेच केलंत."

"नाई वं. तेच नाई केलं." त्यांनी खांद्यावरचा बिल्ला सरळ केला. "ते पोट्टे मले भेव दाखवाले आले होते. हे बाई मले काईच म्हने नाई, नुसतं बोट पुसलं. तिच्या अंगनात तिचं दुःख हाये. मी तिथं चमकत जाऊ का?"

त्या म्हातारीला आपली पणती मैदानावर कशी झेप घेते ते बघायचं होतं, म्हणून बाईंनी एकदा तिला खाटेसकट मैदानावर आणवलं. त्या दिवशी सगळा सामनाभर बाई सेफ्टी पिनेवर होत्या. दोन्ही संघांकडचे लोक आले होते, पण अंगण, मैदान असा भेद बाईंनी त्या दिवशी केला नाही.

आता त्या निवृत्त झाल्या आहेत आणि तिथंच राहतात. राजुऱ्याला भावाकडे खोली आहे, पण येत नाहीत. संध्याकाळी मैदानावर असतात. संस्थेला आता त्यांना काही सांगता येत नाही, आणि मैदान बंद करायची कुणाची छाती नाही. गेल्या हिवाळ्यात मी गेले तेव्हा पाटावर एक नवा बिल्ला होता, घोड्याच्या तोंडाचा. "इतके वर्ष भेटला नव्हता," म्हणाल्या. "तोंडच हाये नुसतं, चावाची भीती हाये. पन ठिवला."

मला मात्र त्यांची आठवण निघाली की निवृत्तीच्या आदल्या वर्षीची ती दुपार आठवते. मी मुलचेऱ्याला गेले होते ती एक निरोप पोचवायलाच. राजुऱ्यात पर्यवेक्षकाची जागा पुन्हा रिकामी झाली होती. ती मुलं आता संसाराला लागली होती, कुणाला काही आठवत नव्हतं. भाऊसाहेबही थकले होते. त्यांनीच मला बोलावून सांगितलं, बाईंना परत आणा, शेवटचं वर्ष मानानं जाऊ द्या. मला काही लिहून नको, सभा नको, कुणासमोर नको. त्यांनी मला फोनवर एकच वाक्य म्हणावं: चूक झाली. माझा मान राहील, त्यांची जागा राहील.

बाई ओट्यावर मासळी साफ करत होत्या. पोरींपैकी कुणाच्यातरी बापानं तळ्यातली आणून दिलेली. मी निरोप सांगितला. सांगताना मला वाटत होतं, म्हणाव्यात त्यांनी ते दोन शब्द. पगार वाढेल, पेन्शनीत फरक पडेल, आणि खरं म्हणजे शिक्षक-खोलीत माझ्या शेजारची खुर्ची भरेल.

"लाव फोन," बाई म्हणाल्या.

मी लावला. त्यांचे हात माशांचे, म्हणून आवाज बाहेर ऐकू येईल असा करून त्यांच्या तोंडापाशी धरला. भाऊसाहेबांनी तब्येत विचारली. बाईंनी त्यांच्या गुडघ्यांची विचारपूस केली. दोघंही फार अदबीनं बोलले. मग भाऊसाहेब म्हणाले, "मॅडमनं सांगितलं असेल तुम्हाला. आता आपण दोघंही म्हातारे झालो, बाई. एक वाक्य म्हणून टाका आणि या परत."

"कोनतं वाक्य, भाऊसाहेब?"

"माहीत आहे तुम्हाला. चूक झाली. दोन शब्द."

बाईंनी सुरी खाली ठेवली.

"चूक झाली नाई," त्या म्हणाल्या. "घ्या, एक शब्द जास्तच देला."

मग भाऊसाहेब हसले का खोकले, मला नक्की कळलं नाही, आणि फोन बंद झाला. बाईंनी सुरी उचलली आणि माशाच्या पोटात घातली.

"जेवून जाशील ना वं?" त्यांनी मला विचारलं. "दोन वाटे केले तर पुरते."

मी पदर खोचला आणि चूल पेटवायला घेतली.